शकिलाभाभीच्या कुरड्यांवर पडलेला पाऊस

या चैत्रात साऱ्या अमरावतीत एकच पाऊस पडला, तो मी पाडला, आन तो शेजारच्या शकिलाभाभीच्या कुरड्यांवर पडला. चूक माहीच हाये, त्यात दुसऱ्या कोणाचं नाव नाई घ्यायचं. तुमी लिहून घेऊन राहिले तर हेच पहिलं लिहा, म्हंजे पुढचं वाचणारा माणूस माह्याकडून शहाणपणाची आशा ठेवणार नाई.

मी मूळचा दर्यापूरकडच्या एका खेड्यातला. काळी माती, पावसाळ्यात चप्पल ओढून घेते आन उन्हाळ्यात भेगा अशा पडतात का वासरू चालताना खाली पाहून चालते. विहिरीचं पाणी खारं. पाहुणा आला तर चहाचा पहिला घोट घेऊन गप्प बसे, दुसरा घेतच नसे, आन आमची माय म्हणे, पाव्हणे लाजून राहिले. गोड पाणी म्हंजे आभाळातून येईन तेच, म्हणून घरातलं लहानमोठं दिवसातून दहादा वर पाहे, ती सवय मले अजून हाये, स्कूटर चालवतानाही वर पाहातो, त्यापायी दोनदा नालीत गेलो. बापानं मले एकदा पेरणीले तिफन धरायले देली, तासं इतली वाकडी निघाली का बाप बांधावर उभा राहून म्हणे, या पोट्ट्याले शहरात पाठवा, तिथं रस्ते वाकडेच असतात, कोणी नाव ठेवणार नाई. लहान भावानं वावर सांभाळलं, मी अमरावतीले कूलरच्या दुकानात लागलो, आन आता घरामागं माहं स्वतःचं शेड हाये, पत्र्याचं, त्यात कूलर दुरुस्त करतो.

कूलर म्हंजे काय, काय सांगू तुमाले, लोक त्याले लय मोठं समजतात. एक पेटी, तीन बाजूंनी वाळ्याच्या नाईतर गवताच्या ताट्या, खाली पाणी, एक लहानसा पंप ते पाणी भोकं पाडलेल्या नळीतून ताट्यांवर सोडते आन पंखा ओल्या ताटीतून हवा ओढते. पण त्याची एक खोड हाये, हवा कोरडी पाहिजे. आभाळ आलं, दमट झालं, का कूलर नुसती चिकट हवा फेकते आन लोक मले फोन करतात, प्रल्हादभाऊ, तुमी काय लावून देलं हे. म्हणून पाऊस न येणं हेच माह्या धंद्याचं भांडवल. यंदासारखा कोरडा खटखटीत चैत्र माह्यासारख्याले लाभला पाहिजे, आन खरंच, सकाळपासून फोन थांबत नाई, अर्ध्या गावाच्या खिडक्या मी थंड करून राहिलो. तरी मीच येडा रोज पावसाची वाट पाहून राहिलो, तेही कोणाले सांगायची सोय नाई. भावाले एकदा फोनवर म्हनलं, यंदा आभाळच नाई रे आलं. तो म्हणे, दादा, गहू कोरडा निघाला, हरभरा कोरडा निघाला, तू तिकडं पावसाचं नाव काढू नको, गावाकडं तं येऊच नको.

त्याचंही खरं हाये. दरवर्षी होळीच्या मांगंपुढं एखाद्या दुपारी पश्चिमेकडून काळं भरून येते, धुळीचा लोट उठते, मंग टपोरे थेंब, कधी गारा, आन साऱ्या वऱ्हाडात त्या अवकाळीले शिव्या पडतात. संत्रेवाला शिव्या देते, गहूवाला देते, मीही देतो. पण त्याच वेळी गल्लीत काय होते, ते पाहायले पाहिजे तुमी. प्रत्येक गच्चीवर पापड, कुरड्या, सांडगे, गाद्यांचा कापूस वाळत पडलेला, आन पहिला थेंब पडला का एक बाई ओरडते, पाणी आलं वं, का साऱ्या बाया जिना चढत पळतात, जिच्या हाताले जे लागन ते उचलतात, तिची कुरडी हिच्या टोपल्यात, मंग आठ दिवस भांडण, तुही जाड होती का माही. त्यात सगळ्यांत पुढं आमची शोभा असे, माही बायको. पदर खोचून एका दमात वर. मी खालून नुसता म्हणे, हळू वं, पडशीन. ती वरून म्हणे, बोलून राहिले तं चादर तरी धरा. यंदा आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीवाणी कोरं. गल्लीत पळणं नाई, भांडण नाई. काहीच नाई.

शोभा पुण्याले हाये. दिवाळी झाली आन पोरीच्या बाळंतपणाले गेली, मनी आमची एकुलती एक, तिले मुलगा झाला, चांगलं झालं. शोभा मार्चात परत येणार होती, पण मागच्या उन्हाळ्यात तिले बसस्टँडवर ऊन लागलं होतं, दोन दिवस दवाखान्यात होती, तेव्हापासून डॉक्टर म्हणते उन्हातला प्रवास नोको. म्हणून जातानाच तिनं सांगून ठेवलं, चैत्रात दरवर्षी दोन सरी पडतात, हवा मोडते, ऊन नरम होते, त्या दोन-चार दिवसांत मी येऊन जाईन, घरात पोचली का मंग तुमचा कूलर हायेच. मीही म्हनलं, हाव. तवापासून माहा चैत्र त्या दोन सरींले टांगलेला.

रोज संध्याकाळी तिचा फोन येई. पहिलाच सवाल, आभाळ आलं का. मी म्हणे, बडनेऱ्याकडं एक तुकडा दिसला होता, तळहाताएवढा, पण गेला. ती म्हणे, बरं. दुसऱ्या दिवशी, वारं सुटलं होतं पण कोरडंच. ती म्हणे, बरं. मंग नातवाचं रडणं ऐकवे, आन फोन ठेवे. तुमाले हसू येईन, पण संसार इतला जुना झाला आन आमी दोघं हवामान खात्यावाणी बोलून राहिलो. घरात काय चाललं हे तिले काय सांगू. दरवर्षी मी उन्हात निघालो का ती माह्या शर्टाच्या खिशात कांदा टाके, ऊन लागू नये म्हणून, आन संध्याकाळी आठवणीनं काढून घे. यंदा कांदा मीच टाकतो, पण काढायचं ध्यानात राहात नाई, शर्ट कांद्यासकट धुतला, आता तीन शर्टांले वास येते आन गिऱ्हाईक दारातच म्हणते, भाऊ, तुमी बाहेरूनच पाहा.

आता घोळ कसा झाला ते ऐका. एक दिवस मनीनं फोन घेतला आन म्हणे, बाबा, आई इथं रमली हो, संध्याकाळी बागेत जाते, इथं हवा छान असते, आता थेट पावसाळा लागल्यावरच पाठवते. पावसाळा म्हंजे अजून किती. मी हाव म्हनलं आन फोन ठेवला, आन बसलो शेडमध्ये. समोर एक पंप पडला होता, दुरुस्त झालेला, आन भोकांची नळी. माह्या डोक्यात आलं का पाऊस पाडणं हा तर माहाच धंदा हाये, मी ताटीवर पाडतो, पत्र्यावर पाडला तं काय. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनच्या वेळेले पंप ड्रमात सोडला, नळी बाहेरून शेडच्या पत्र्यावर फेकली, कुठं पडली ते पाह्यलंही नाई, आन आत उभा राहिलो. काय आवाज आला, तुमी असते तं छत्री शोधली असती.

फोन आला. आभाळ आलं का. मी म्हनलं, आभाळ काय विचारतं, ऐक. फोन पत्र्याखाली धरला. ती म्हणे, पाणी? मी म्हनलं, भल्लं पाणी, गल्लीतून नदी वाहून राहिली, हवा अशी गार झाली का अंगावर काटा येऊन राहिला. ती म्हणे, खरंच का हो. त्या खरंच का हो मध्ये असं काही होतं, मले वाटलं आताच गाडीत बसली. तितल्यात वरून आरोळी आली, या अल्ला, मेरी कुरडियाँ.

शकिलाभाभी आमच्या भिंतीले भिंत लावून राहते. दरवर्षी ती आन शोभा मिळून कुरड्या करतात आन वाळू घालतात माह्याच शेडच्या पत्र्यावर, कारण पत्रा तापते आन कुरडी एका दिवसात खडखडीत होते. हे मले किती वर्षांपासून माहीत हाये. भाभीची गच्ची पत्र्याले लागून, ती तिथूनच अंथरते. त्या दिवशी तिनं एकटीनं गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून, उशिरा, दुपारी घातल्या होत्या, तिच्या घरच्याही आन शोभानं सांगितलं म्हणून मनीसाठीही. इकडं शोभा विचारते, ती भाभीच ओरडली ना. मी म्हनलं, हाव, पाऊस हाये ना, कुरड्या उचलून राहिली. मले वाटलं, बरंच झालं, साक्षीदार भेटला.

साक्षीदार जिना उतरून शेडमध्ये आला. हातात ओली चादर, चादरीत पांढरा लगदा. भाभीनं ड्रमाकडं पाह्यलं, नळीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, मंग माह्या हातातून फोन घेतला आन म्हणे, शोभाबाई, आसमान साफ हाये, संध्याकाळची धूप बी अशी का आँख उघडत नाई, हा तुमचा माणूस नळीनं पाणी मारून राहिला. मले वाटलं शोभा हसन. ती हसली नाई. फोन बंद झाला.

मंग फोन आलाच नाई. एक दिवस गेला, दुसरा गेला. मीही केला नाई, कारण केला तं बोलू काय, आभाळ तर तसंच होतं. घरच्या कूलरले नव्या वाळ्याच्या ताट्या बांधल्या, संध्याकाळी त्यावर पाणी मारलं, सारं घर ओल्या मातीवाणी महकलं, आन मले तो वास सहन होईना, उठून गल्लीत उभा राहिलो.

भाभीनं शिक्षा देली ती वेगळी. नवा गहू भिजवला आन चीक हाटायले, म्हंजे ढवळत राहायले, मले बसवलं, भर उन्हात, चुलीसमोर. मंग सोऱ्या हातात देला. माह्या कुरड्या तिफनीच्या तासांवाणी निघाल्या, एकही गोल नाई. भाभी म्हणे, ये क्या बनाया, ये तो जलेबी की मय्यत हाये. मी दाबता दाबता विचारलं, भाभी, शोभा बोलते का तुमच्याशी. ती म्हणे, रोज बोलती. रोज सकाळी पूछती, मैं बताती, आभाळ नाई, धूप हाये, तुमच्या भरोशावर थोडी बैठी वो. मी म्हनलं, म्हंजे तिले रोज ठाव होतं? मंग संध्याकाळी मले तेच काहून विचारे? भाभी म्हणे, वो तुम सोचो, आन सोऱ्या सीधा पकडो, गिर रहा नीचे.

आता तुमी विचारान, मंग आली का शोभा. कालची गोष्ट सांगतो. काल मी पत्र्याजवळ भाभीच्या गच्चीवर बसलो होतो, डोक्याले दुपट्टा, हातात काठी, माह्या वाकड्या कुरड्या राखून राहिलो होतो, त्यांच्याकडं कावळाही पाहून नव्हता राहिला. फोन वाजला. शोभा. पहिलं तेच, आभाळ आलं का. मी सवयीनं वर पाह्यलं. एक तुकडा सांगून द्यावा असं जिभेवर आलं होतं, खोटं नाई सांगत. पण म्हनलं, नाई आलं. येईनसं दिसतही नाई. ती म्हणे, बरं. आन फोन ठेवनच आता असं वाटलं तसं मी म्हनलं, शोभा, तू ये. पाऊस नाई, हवा मोडली नाई, तरी ये. रात्रीच्या गाडीत बस, सकाळी उतरशीन, मी स्टेशनवर ओला दुपट्टा घेऊन उभा राहातो, ऊन चढायच्या आत घरी आणतो, कूलरले नवा वाळा बांधला हाये. मले नाई करमत.

तिकडं नातू रडून राहिला होता. त्यातच ती मनीले म्हणे, पाह्य वं, अमरावतीची गाडी कोणत्या दिवशीची भेटते ते. आन मले म्हणे, हे इतलं तोंडानं सांगाले ड्रमभर पाणी कायले सांडलं, येड्या माणसा.