चार अंश वाकडं

नाही नाही, तुम्हीच सांगा, तीस वर्षं ज्या माणसाला लोकांनी ‘मिस्त्री, भिंत सरळ ठेवा’ एवढंच सांगितलं, त्याच्यासमोर एके दिवशी एक साहेब उभा राहतो आणि म्हणतो, ‘मिस्त्री, हे जरा वाकडं बांधा’... आणि वाकडं म्हणजे चुकून गेलं तसं वाकडं नाही, मोजून वाकडं, नकाशावर चार अंश, खाली सही, वर शिक्का! आता माणसानं समजायचं काय?

तर झालं असं, आमच्या नगरपालिकेनं बाग काढली. साधी नाही. जगातली नावाजलेली स्मारकं, जुनी, नवी, सगळी छोटी छोटी करून एका बागेत. म्हणजे ज्याला जग हिंडणं जमत नाही त्यानं पोरंबाळं घेऊन यायचं, अर्ध्या तासात सगळं जग बघायचं आणि चहाच्या वेळेला घरी. आणि हे बांधणार कोण? मी! मी म्हणजे साधा गवंडी, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे आयुष्यात गेलो नाही. बायको माझ्याबरोबरच कामाला असते. माल ती कालवते, विटा ती देते, आणि अक्कलही तीच देते, न मागता.

आता यात आमच्या बाबांचं सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा एवढा का तापलाय. बाबाही गवंडी. आता थकलेत, पण ओळंबा अजून खिशात. ओळंबा म्हणजे ते दोरीला टांगलेलं पितळी वजन हो, भिंतीजवळ सोडलं की भिंतीचं सगळं खरंखोटं बाहेर. माझ्या सासुरवाडीला पहिल्यांदा आले, लोक ‘या, बसा’ म्हणताहेत, आणि हे भिंतीला ओळंबा लावून उभे! तर या माणसानं तीस वर्षांत माझ्या एका कामाला चांगलं म्हटलेलं नाही. चांगलं सोडा, बरं आहे, असंही नाही. नवं घर दाखवायला न्यावं, तर सगळीकडे फिरून म्हणणार, ‘पडेपर्यंत तरी राहील.’ मी काय म्हणतो, मला हार नको, तुरे नकोत, एकदा फक्त चांगलं म्हणा ना! म्हटलं, जगातली मोठमोठी बांधकामं, सगळी एका जागी, सगळी माझ्या हातची, उद्घाटनाला बाबांना आणतो, आता कसे म्हणत नाहीत बघतो.

पिरॅमिड झाला. तिथे काही तक्रार नाही, चार बाजू चढवत न्यायच्या आणि वर गाठ मारायची. मग आलं ते रोमचं गोल मैदान. नगरपालिकेच्या साहेबांनी फोटो दिला, मी बघितला, म्हटलं, साहेब, हे तर पडलंय. तर म्हणाले, तसंच पाहिजे. म्हटलं, त्याच विटांत पूर्ण करून देतो ना, वर गिलावाही मारतो. तर म्हणाले, नाही, लोक ते पडकं बघायलाच जातात... अहो, माझ्या घराच्या मागच्या भिंतीचे दोन पोपडे पडले तेव्हा याच नगरपालिकेची माणसं धोकादायक इमारत म्हणून नोटीस घेऊन आली होती! तिथे पडकं म्हणजे नोटीस, इथे पडकं म्हणजे स्मारक, माणसानं समजायचं काय?

बरं, केलं पडकं. माझ्या पद्धतीनं केलं, पायरीपायरीनं उतरवत आणलं, कडा घासल्या, कोपरे साधले. साहेब आले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, ‘मिस्त्री, हे पडल्यासारखं वाटत नाही, नीट उतरवून ठेवल्यासारखं वाटतंय.’ मी पुन्हा विचारात पडलो. बायको सकाळपासून माझ्यावर धुसफुसत होती, तिच्या बहिणीबद्दल मी काहीतरी बोललो होतो, काय बोललो ते मला आठवत नव्हतं आणि म्हणूनच ती जास्त चिडली होती. तिनं हातोडा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि त्या भिंतीला चार दणके दिले. साहेब हात जोडून म्हणतात, ‘वहिनी, अगदी दोन हजार वर्षं जुनं दिसतंय!’ मी तीन दिवस घासत होतो तेव्हा काही नाही!

मग ते समुद्रकाठचं नवं नाट्यगृह, सिडनीचं. त्याला भिंतच सापडेना, नुसती छपरं, सोललेल्या संत्र्याच्या फोडी उभ्या कराव्यात तशी. ओळंबा लावू तरी कशाला? जाऊ द्या ते.

आला झुकता मनोरा. हाताला सवय असते हो! मी सकाळी वाकडा धरायचो, आणि दुपारपर्यंत हात आपला गुपचूप सरळ करत न्यायचा. दोनदा बांधला, दोनदा सरळ. साहेब संतापले, ‘तुम्हाला साधं वाकडं बांधता येत नाही?’ शेवटी बायकोनं लाकडाची एक पाचर तासून दिली, म्हणाली, ‘अहो, ही पातळीच्या पट्टीखाली ठेवा आणि डोकं बाजूला ठेवा.’ जमलं. दोन पुरुष उंच, पुढच्या बाजूला झकास वाकडा! मी साहेबांना विचारलं, तो मूळचा कशानं वाकला? तर म्हणाले, जमीन मऊ होती, बांधताना एका बाजूला खचली. म्हटलं, म्हणजे पायाच चुकला? हो. मग त्या गवंड्याला कोणी काही बोललं नाही? तर म्हणाले, शेकडो वर्षं लोक तिकीट काढून बघताहेत. घ्या! त्याचा पाया चुकला तर तिकीट, माझी भिंत बोटभर बाहेर गेली तर लोक दुसरा गवंडी बघतात. माणसानं समजायचं काय?

उद्घाटनाच्या आधी तीन दिवस माळ्यानं हिरवळीसाठी नळी सोडली आणि तो विसरला. मनोऱ्याच्या मागच्या बाजूला पूर्वी तळं होतं, भर टाकून बुजवलेलं, हे कोणी मला सांगितलं होतं? उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पोचतो तर साहेब मनोऱ्यासमोर जमिनीवरच बसलेले. मागची जमीन खचली होती, आणि मनोरा वाकड्याच्या उलट बाजूला चार अंश जाऊन... उभा! एक तडा नाही! तो तिकडचा जमिनीनं वाकडा झाला, माझा जमिनीनं सरळ झाला!

पाडायला वेळ नाही, पाहुणे तासाभरात येणार. साहेबांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं आणि पाटीवर ‘झुकता मनोरा’च्या खाली एक ओळ वाढवून घेतली: ‘दुरुस्तीनंतर’.

आणि नेमके तेव्हाच बाबा आले. पिरॅमिडला फेरी मारली, म्हणाले, ‘खिडकी राहिली.’ पडक्या मैदानापाशी म्हणाले, ‘काम टाकून का आलास?’ माझा जीव अर्धा झाला. मग मनोऱ्यापाशी गेले, खिशातून ओळंबा काढला, सोडला. एका बाजूनं बघितलं. दुसऱ्या बाजूनं बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. मग पाटी वाचायला लागले, अक्षर अक्षर लावत, आणि माझ्याकडे वळले.

‘म्हणजे आधीच्या माणसानं वाकडा बांधला होता होय? आणि तो तू सरळ केलास?’

साहेब माझ्याकडे बघताहेत, बायको माझ्याकडे बघतेय. बाबांनी दोरी गुंडाळली, ओळंबा खिशात टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘चांगलं काम केलंस.’

तीस वर्षं हो, तीस वर्षं ज्या शब्दासाठी मी विटा रचल्या, तो मिळाला कोणामुळे, तर एका बुजवलेल्या तळ्यामुळे आणि नळी विसरलेल्या माळ्यामुळे. आता मी काय खरं सांगत बसणार?

म्हटलं, ‘हो बाबा. जरा जड गेलं, पण केला.’