कपाटामागचा पिरॅमिड

…आणि वर मलाच विचारताय, चेहरा का पडलाय म्हणून! अहो, पडेल नाही तर काय? शाळेत लेखिकाबाई आल्या, भाषण झालं, फोटो निघाले, मोठ्या बाईंनी माझी पाठसुद्धा थोपटली, आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून घास उतरत नाहीये घशाखाली. एवढंसं पुस्तक हो! वाचायला काय धाड भरली होती मला?

म्हणजे बघा, मी शाळेचा ग्रंथपाल. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारातूनच ओरडल्या, "अहो, त्या लेखिका येतायत, आफ्रिकेतल्या प्राचीन संस्कृतीवर पुस्तक आहे त्यांचं, वाचलंयत ना?" आता दिवसभर पुस्तकांत बसणाऱ्या माणसानं नाही कसं म्हणायचं? म्हटलं, "वाचलंय म्हणजे काय बाई, दोनदा वाचलंय!" दोनदा! एकदा म्हणून भागलं नसतं? पण जीभ सुटली की सुटली… आणि आमच्याकडे प्रत एकच, तीही सातवीतल्या एका वेणीवाल्या मुलीनं नेलेली. मागितली तर म्हणते, "सर, परत पहिल्यापासून वाचतेय." झालं! मग मी नुसतं मुखपृष्ठ आठवलं. त्यावर कोपऱ्यात पिरॅमिड होता. आफ्रिका, पिरॅमिड… म्हणजे इजिप्त! हाय काय अन् नाय काय!

लावलं की हो सातवीच्या सगळ्या वर्गाला कामाला! पुठ्ठे, कात्र्या, डिंक, वाचनालयाचा नुसता उकिरडा. सगळ्यांचे पिरॅमिड कसे ऐसपैस बसलेले, आणि त्या वेणीवालीचा? उभट, चिंचोळा, टोकदार! म्हटलं, "हा पिरॅमिड आहे की विदूषकाची टोपी?" वर्ग खो खो हसला. ती म्हणाली, "सर, पण पुस्तकात…" मी म्हटलं, "पुस्तकात काय आहे ते मला शिकवू नकोस!" मला! ज्यानं पान उघडलेलं नाही, त्याला!  डोळे भरले होते तिचे, मला दिसले होते, आणि मी डिंकाची बाटली शोधायला लागलो. तो पिरॅमिड मी उलटा करून कपाट आणि भिंतीच्या फटीत खोचला. इतका चपखल बसला, की पोरं त्यात पेन्सिलींचा कचरा टाकायला लागली. मीही टाकला. खोटं कशाला बोलू? वाचायला काय धाड भरली होती मला!

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयातच स्वागताला मी उभा. "हे पुस्तक मी दोनदा वाचलं आणि भारावून गेलो!" समोर पहिल्या रांगेत ती, मांडीवर ते पुस्तक! मग लेखिकाबाई उठल्या, अगदी मऊ आवाज, "मुलांनो, हे कुशचं राज्य. इजिप्तच्या दक्षिणेला, नाईलच्याच काठी. इथे राण्यांनीही राज्य केलं बरं का. आणि हे बघा त्यांचे पिरॅमिड…" पडद्यावर काय यावं? उभट! चिंचोळे! विदूषकाच्या टोप्यांची रांगच्या रांग! 

तरी लेखिकाबाई भल्या, पोरांचे ऐसपैस पिरॅमिड बघून म्हणाल्या, "वा, इजिप्तही आणलंत!" मी सुटलो असं म्हणतोय, तोच त्यांना घशाच्या गोळीचा कागद टाकायचा झाला. "कचरा कुठे टाकू?" आणि सगळ्या वर्गानं एका सुरात बोट दाखवलं… तिकडेच! बाई वाकल्या, थबकल्या, ओढून काढला, सरळ केला, कचरा सगळा त्यांच्या पायांवर! "अगं बाई, हा तर हुबेहूब कुशचा! कोणी केला?"

मी म्हटलं, "मुद्दाम जपून ठेवला होता."

"कचरा भरून?"

"वजन राहावं म्हणून!"

ती वेणीवाली उभी राहिली. म्हटलं, संपलो. आता सगळं सांगणार, आणि सांगायलाच हवं तिनं! तर ती म्हणाली, "मी केला. सरांनी जपून ठेवला होता." बस्, एवढंच. बाईंनी तिला जवळ घेतलं, टाळ्या झाल्या, आणि मोठ्या बाईंनी पाठ थोपटली कोणाची? माझी! अहो, ती थाप अजून दुखतेय…

सगळे गेल्यावर मी तिला गाठलं. "बाळ, माझं चुकलं. सगळ्यांसमोर तुला हसलो. आणि… ते पुस्तक मी वाचलंच नव्हतं गं."

"माहीत होतं, सर. पुस्तक माझ्याकडेच होतं ना!"

आणि दिलं माझ्या हातात. वाचलं हो, शब्द न् शब्द वाचलं, राण्या काय, पिरॅमिड काय, आणि प्रत्येक पानावर माझी मलाच लाज. काल तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "वाचून झालं बरं का. आता तरी सुटलो ना?"

तिनं पुस्तक माझ्याकडेच परत सरकवलं. "सर, तुम्ही सगळ्यांना दोनदा म्हणाला होतात."