नोटिशीकडे पाठ

आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही वाचली नाय?" अरे, कुठनं वाचणार? काय वाचणार? तुम्हाला सांगतो, या एका वाक्यानं माझं डोकं असं उठलंय ना... "नोटीस लावलीय ना!" शिपायाला विचारा, क्लार्कला विचारा, थेट मोठ्या बाईंना विचारा, उत्तर एकच. नोटीस लावलीय ना! म्हणजे त्यांचं काम संपलं, आता तुमचं तुम्ही निस्तरा.

झालं काय, मी प्रविण, कासूचा, भात नि वाल करतो. माझी ऋतुजा आठवीला, पेणला रामवाडीच्या अलीकडं एका संस्थेची शाळा हाय, तिथं जाते. शाळा अकराची, रोज गाडीनं जायचं, गाडीनं यायचं, कधी तक्रार नाय. गेल्या महिन्यात एका मंगळवारी घरी आली, दप्तर टाकलं न् म्हणते, "बाबा, एक तारखेपास्नं शाळा सकाळी सातची." सातची? अहो, आमच्याकडची पयली गाडीच पेणला टेकते पावणेआठला! मग हिनं काय रुळावरनं चालत जायचं? पेणला माझी बहीण हाय, पण एका खोलीत सहा माणसं, सातवं कुठं ठेवणार, माळ्यावर? म्हटलं, मग शाळा सोडा... हे 'सोडा' तोंडातनं निघालं मात्र, आमच्या अनितानं हातातला झारा माझ्यावर रोखला. "काय म्हणालात? परत बोला." मी कशाला परत बोलतोय!

ऋतुजा हळूच म्हणाली, "बाबा, हरकत घेता येते, सरांनी सांगितलं. पण शेवटची तारीख उद्याच हाय." उद्या? आन् आज कळतंय? अगो, आधी कुणी सांगायचं नाय? तर पोरीनं काय म्हणावं? "नोटीस लावलीय ना!" घरातसुद्धा!

बुधवारी दुपारी एकला मी शाळेच्या गेटवर. वॉचमन म्हणतो, "पालकांना फक्त शनिवारी." म्हटलं, अरे बाबा, नोटीस वाचायचीय. "नोटीस आत हाय." मग सोड की आत! "आत यायला परवानगी लागते." ती कशी मिळते? "त्याची नोटीस लावलीय ना!" कुठं? "आत." आता तुम्हीच सांगा, हसायचं का त्या गेटवर कपाळ आपटायचं? पाऊण तास गेला माझा तिथं, पाऊण तास! शेवटी जगन शिपायानं मला बघितलं न् तिथनंच ओरडला, "सोड रे, पालक प्रतिनिधी हायत ते." व्हय, मी पालक प्रतिनिधी हाय! जूनच्या सभेला पयल्या बाकावर मी एकटाच बसलेलो, म्हणून झालो. सगळे शहाणे मागं बसले होते.

आत गेलो. काचेचा फळा, त्याला कुलूप, नि आत काय? हात धुण्याच्या पायऱ्या, चित्रकलेची बक्षिसं, गेल्या साली हरवलेला एक डबा. वेळेची नोटीस कुठाय? जगन मान खाजवतो. "लावली होती ओ दादा. फोटो काढला न् उतरवली. फळ्यावर जागा कुठंय?" फोटो काढला न् नोटीस उतरवली! मी तसाच निशिगंधा मॅडमच्या केबिनमध्ये घुसलो. मोठ्या बाई, एकदम शांत. आवाज असा, की आपणच उगाच ओरडतोय असं वाटावं. "हे बघा प्रविणराव, आपला कारभार पारदर्शक आहे. प्रत्येक नोटिशीचा पालकांसह फोटो फाईलला असतो." फाईल उघडली, माझ्यापुढं सरकवली... आन् मी गार पडलो.

फोटोत मी! हातात आंब्याचं रोप, तोंडभर हसतोय! वृक्षारोपणाच्या दिवशी हा जगन म्हणाला, "दादा, जरा इथं सरका, हसा," मी सरकलो, हसलो. मला काय माहीत, मागं माझ्याच पोरीची शाळा टांगलीय? आख्खी नोटीस माझ्या टाळक्यानं झाकलेली! कानाच्या बाजूला तेवढं दिसत होतं, 'लेखी हरकत... संस्था कार्यालय, रोहा... दुपारी चारपर्यंत.' रोहा! नोटीस पेणला लावायची न् हरकत रोह्याला घ्यायची! घड्याळात दोन वाजून दहा मिनटं.

जगनला आतनं खात असणार, त्यानं न मागता स्कूटरची चावी काढून दिली. सीटवर कागद ठेवून हरकत लिहिली, खाली सही ठोकली. निघालो. हायवेचं काय सांगू, खड्डा चुकवावा तर दुसरा वाट बघत बसलेला. नागोठणं गेलं, डोळ्यापुढं सारखी ऋतुजा, घरात बसून भांडी घासणारी. निडीच्या अलीकडं म्हशी आडव्या! हॉर्न मारतोय, ओरडतोय, विनवतोय... म्हशींना कुठं नोटीस लावणार?

रोह्याला पोचलो तेव्हा चाराला सात कमी. तिथला क्लार्क कागद वाचतो, मग कॉम्प्युटरात बघतो, मग माझ्याकडं. "तुमची हरकत कशी घेऊ? तुम्ही तर संमती दिलीय. हा काय, शाळेनं पाठवलेला फोटो." म्हटलं, साहेब, नीट बघा. नोटीस कुठाय? माझ्या मागं. तोंड कुठाय? तुमच्याकडं. मला काय टाळूला डोळे हायत? घड्याळाचा काटा सरकतोय. मग माझा आवाजच फुटला. म्हटलं, साहेब, आज माझ्या पोरीची शाळा सुटली ना, तर ती माझ्या या हसण्यानं सुटली म्हणायची. हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? त्यानं पुन्हा एकदा फोटो बघितला, पुन्हा एकदा माझं तोंड बघितलं, आन् धाडकन शिक्का मारला. चाराला दोन कमी. मी बाहेर पायरीवर बसून रडलो, खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवसांनी निकाल लागला. शाळा अकराचीच राहिली! पण खाली एक ठराव जोडला. यापुढं प्रत्येक नोटीस पालकांपर्यंत पोचवायची जबाबदारी पालक प्रतिनिधीची. म्हणजे कुणाची? मीच की! मग काय, नोटीस माझ्या मोबाईलवर येते, मी ती ग्रुपवर टाकतो, वर शुभ सकाळची चाळीस फुलं पडतात, विषय संपला.

काल रविवार, दुपारचे जेवत होतो. निडीच्या जनूचा फोन. त्याची रंभा ऋतुजाच्याच वर्गात. "प्रविणदादा, शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा फॉर्म उद्यापर्यंतच? माझ्या पोरीचं वर्ष जाईल ना ओ! कुणी सांगायचं नाय?" आन् माझ्या तोंडातनं, देवाशपथ सांगतो, माझ्याच तोंडातनं... "अरे, नोटीस लावलीय ना!"

ऋतुजाचा घास हातातच राहिला. अनितानं झाऱ्याकडं बघितलं. मी निमूट उठलो, हात धुतला, जगनला फोन लावला. "जगन, शाळेची किल्ली तुझ्याकडं हाय ना? एक फॉर्म काढ न् स्कूटर घेऊन ये. निडीला जायचंय."

"आणतो की दादा. पण फॉर्म देतानाचा एक फोटो काढू हां, फाईलला लागतो."

म्हटलं, काढ बाबा. हसायचं का नाय, तेवढं आधी सांग.