ग्लास घासलेलाच होता!

नाही, आधी मला वाटलं, माझ्या डोळ्यांतच काहीतरी झालंय! सकाळची वेळ, सहाच्या सहा काचेचे ग्लास ओट्यावर पालथे घातलेले, त्यातला एक उचलून सहज खिडकीशी धरला, तर समोरची भिंत धुक्यात! मार्च महिन्यात, समुद्रपुरात, धुकं! डोळे चोळले, पदराने ग्लास पुसला, परत धरला... धुकं तिथंच. पांढरट, खरखरीत, जसं काही कुणी ताक पिऊन तसाच ठेवून दिलाय. आणि तुम्हाला सांगते, ग्लास घासलेला होता हो!

आता तुम्ही म्हणाल, एका ग्लासाचं काय एवढं? अहो, पण ते माझ्या रुखवतातले! आईने पेंढ्यात गुंडाळून पुण्याहून इथवर पाठवलेले, वर सांगून, 'कुणी आलं तर पाणी चांगल्या ग्लासातून दे, माणसं धरून राहतील.' धरून राहायची सोडा, लग्नाला तीन महिने झाले, माणूस उंबऱ्याशी येईल तर शपथ! आमचे हे ओव्हरसियर, सोमवारी दौऱ्यावर जातात ते शनिवारी उगवतात. घर दाखवलं तेही कसं, तर थेट मागच्या अंगणात नेऊन हापशी दाखवली, 'बघ, दारात पाणी! तुला कुठे जायला नको, यायला नको!' खरंच की. कुठे जायला नको, कुणी यायला नको... मी आपली एकटी घरात, पाल चुकचुकली तरी दचकून 'कोण आहे?' विचारणारी!

अशात एकदाच्या सुलोचनाबाई आल्या. हेडमास्तरांच्या मिसेस. मला काय करू नि काय नको! धावत जाऊन हापशी मारली, ताजं पाणी भरलं, ग्लास पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला. ग्लासाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. 'राहू द्या वं बाई, आत्ताच पेऊन निंगाली मी.' आणि भरलेला ग्लास तसाच ठेवून पाच मिनिटांत गेल्या! मी संध्याकाळपर्यंत त्या ग्लासासमोर बसून. काय वाटलं असेल त्यांना? कॉलेजात शिकली आणि भांडं घासता येत नाही? आता कोण येणार या घरात? आणि तुम्हाला सांगते, ग्लास घासलेला होता हो!

झालं! तिथून घासणं जे सुरू झालं... राखेने घासले, सोड्याने घासले, साबणाने घासले, त्या मेल्या साबणाला तर फेसच येईना! सहावा वाळूने घासला, त्याला असे चरे पडले की तो कायमचाच आंधळा. आणि रोज सकाळी, मी घासत असताना, दारावरून बायका जायच्या. घागरींचा खणखणाट, खिदळणं, आणि माझ्या दाराशी आलं की आवाज एकदम बारीक... कुजबुज! हसतायत! माझ्या ग्लासांना हसतायत! उठायची, हळूच आतून कडी घालायची आणि परत घासायला बसायची.

यांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न काढता, 'आतलं पाणी दिसतंय ना? मग झालं.' पुढे जेवताना, 'डाळ कच्ची आहे का गं?' होती कच्ची! तीन तास चुलीवर ठेवली तरी शिजत नव्हती! पाणी मचूळ लागायचं, पण मला वाटलं, परगावचं पाणी, असंच लागत असेल. जे बिघडेल ते माझंच चुकलं म्हणायचं, दुसरं होतं कोण घरात?

शेवटी मावसबहिणीला, मीराला, अमेरिकेला पत्र टाकलं. कुणाशी तरी बोलायला हवं ना! महिन्याने तिचं उत्तर, 'अगं, इथे भांडी यंत्र धुतं, तरी माझेही ग्लास पांढरे! मी यंत्रात वाटीभर व्हिनेगर ठेवते.' वाचलं आणि कपाळावर हात मारला! व्हिनेगर म्हणजे आम्ल! आम्लाने जातो तो पाण्यातला चुना! अहो, मी बी.एस्सी. केमिस्ट्री! कठीण पाण्याची परीक्षा तीन वेळा केली मी, चौथ्यांदा दचकून ब्युरेट फोडली!

इथे कुठलं व्हिनेगर? चिंच भिजवली, कोळात ग्लास तासभर बुडवले, चोळले, विसळले, आणि अंगावर थेंब वाळू न देता, कारण थेंब वाळला की चुना मागे उरलाच, यांच्या जुन्या बनियनने लगेच कोरडे केले. पाच ग्लास असे लखलखले, असे लखलखले, की आत माझाच चेहरा बघून मी दचकले!

आता फक्त माणूस हवा होता. पोस्टमन श्रावण उन्हातून घामाघूम आला, त्याला जवळजवळ ओढूनच पायरीवर बसवला. लखलखीत ग्लास, काठोकाठ पाणी! त्याने एक घोट घेतला. एकच! तोंड असं केलं, जसं मी एरंडेल पाजलं. 'येतो बाई, टाइम झाला.' आणि शेजारच्या भिंतीपलीकडून लगेच त्याचाच आवाज, 'वच्छलाबाई, पानी द्या जी!' गटागटा, गटागटा... मला इकडे ऐकू येत होतं हो!

इतके महिने त्या भिंतीशी उभी राहून मी 'अहो वच्छलाबाई' म्हणत होते, इतकं हळू की फक्त त्यांच्या कोंबड्या बघायच्या. त्या दिवशी ओरडले! 'वच्छलाबाईऽऽ! माझ्या घरचं पाणी का पीत नाही कुणी?' आणि मग भिंतीवर एक डोकं वर आलं.

'आली वं, आली! काऊन कोकलून राह्यली येवढी? अवं पोरी, हापशीचं पानी मानसाले पाजतं का कोनी? आमची म्हैस बी सुंगून सोडते त्याले! गोडं पानी देवळामागच्या विहिरीचं. रोज सकाळी आमी सात जनी तुह्या दारापुढं थांबतो, आज तरी संगं येतं का पाहाले, अन् तू आतून कडी घालतं! मले सांग, येवढ्या सकाळी दार लावून करतं तरी काय वं तू?'

काय करत होते?

ग्लास घासत होते हो!