सुनंदाताईंचा अलार्म

वसंतभाऊजी, सुनंदाताईंच्या माहेरची मंडळी, आणि ड्युटी बदलून आलेल्या मित्रांनो,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. या हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची चावते. तिला बसायच्या जागी चीर गेली आहे आणि अर्ध्या तासापासून ती माझ्या मांडीचा चिमटा काढून राहिली आहे. मी तिघांना सांगितलं. तिघांचाही लगेच विश्वास बसला. 'मनाला फार लावून घेता काय?' असं एकानंही विचारलं नाही. 'एक मूल होऊ द्या, दुखणं थांबेल आपोआप,' असं कोणी म्हणालं नाही.

ताईंना हे सगळं ऐकावं लागलं. वीस वर्षं. म्हणून आज बोलणं जड जातंय.

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही बारा वर्षं शेजारी बसलो. मी बिघाडाचे दिवे आणि हूटर, म्हणजे भोंगा, असलेलं पॅनल बघायचो, त्या उपकरणं दुरुस्त करायच्या. मागच्या सोमवारी हृदयाच्या झटक्यानं गेल्या. ज्या हृदयाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, त्यानंच दगा दिला. दुखायचं ते ओटीपोट. एंडोमेट्रिओसिस. हे नाव धड म्हणायला मला महिना लागला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर भलतीकडे वाढतो, सुजतो. आधी पाळीत दुखायचं. मग बसता-उठताही.

ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी रिपोर्ट साफ आला. मी स्वतः सिविक सेंटरच्या बाजारातून पेढे आणून अख्ख्या शिफ्टला वाटले. ताईंनी अर्धा पेढा खाल्ला आणि रडल्या. मला वाटलं, आनंदानं. इतका हुशार मी.

"तुमचं तर सगळं निघालं ना, ताई?"

"निघालं गा. पण दुखून तर राहिलंच. आता कोणाले सांगू? कागद तर साफ आहे."

मी पडलो विनोदी माणूस. म्हणालो, "मग पोटात हूटर बसवला काय कोणी?"

त्या हसल्या नाहीत. पॅनलकडे बोट केलं. "हूटरच समज. इतकी वर्षं सूज राहिली, तं नसांचे सेन्सर हळवे होऊन जातात. आधी आग लागली का वाजत होते. आता काडी पेटवली तरी वाजतात. सेन्सर हळवा आहे, भाऊ. खोटा नाही."

मग म्हणाल्या, "इथं अलार्म आला तं तू पहिले काय करतो?"

"अ‍ॅक्नॉलेजचं बटन दाबतो."

"त्यानं बिघाड जाते काय?"

"नाही. हूटर थांबतो. दिवा जळतच राहतो, बिघाड निघेपर्यंत. कोणीतरी ऐकलं, एवढंच."

"मग माझं बटन कोणी काहून दाबत नाही?"

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "चहा सांगू काय, ताई?"

"सांग. पण हे उधार राहिलं तुझ्यावर."

भाऊजी, तुम्ही ते बटन रोज दाबलंत. सकाळी गरम पाण्याची पिशवी भरून, टॉवेलात गुंडाळून डब्याबरोबर द्यायचात. आम्ही हसायचो. एकदा नवीन आलेली मुलगी पोट धरून पॅनलपाशी वाकली. आम्ही पुरुष एकदम छताकडे पाहू लागलो. ताईंनी आपली पिशवी तिच्या हातात दिली. "ऐकलं," म्हणाल्या, "बस इथं." दुसरं काही विचारलं नाही. मग इतर खात्यांतल्या बायकाही येऊ लागल्या. आमच्या कंट्रोल रूममध्ये इतकी माणसं कधी बिघाड सांगायलाही आली नव्हती.

आत्ता दारात कोणीतरी म्हणालं, 'सुटल्या बिचाऱ्या.' ताई सुटायला बघत नव्हत्या हो. मंगळवारी त्यांची फर्स्ट शिफ्ट होती. पिशवी भरून ठेवा, असं भाऊजींना सांगून झालं होतं.

चला, उभे राहू. दोन मिनिटं कोणी कोणाची समजूत घालू नका. हूटर थांबतो तसे गप्प राहू. दिवा जळू द्या.

त्याआधी माझं उधार तेवढं देतो.

ताई, ऐकलं.