भांड्याला ओठ लागला

मंडळी, ऐका! अभिमान टाका, अभिमान टाका — सगळे हेच सांगतात. मीही सांगतो, त्यासाठीच तर कीर्तनाला बोलावता मला! पण सगळाच अभिमान टाकला, तर माणसानं उठून उभं राहायचं कशाच्या जोरावर? मग टाकायचा कोणता आणि जपायचा कोणता? हां! पेटीवालेही विचारात पडले. तर ऐका.

खांबेट्यांच्या मनोरमाकाकू. देह मोठा, आवाज त्याहून मोठा! घरात शिस्त कसली? तर भांड्याला कुणाचा ओठ लागता कामा नये. पाणी प्यायचं ते वरून! तांब्या उंच, मान मागे, धार थेट घशात — गट्, गट्, गट्! नवी सून केतकी आली, तिनं पहिल्याच दिवशी पेल्याला ओठ लावला. काकू चारचौघांत म्हणाल्या, "तुमच्याकडे भांडी उष्टी करतात वाटतं?" पोर लाजेनं लाल झाली हो!

या काकू गेल्या साली टेकडीवरच्या यमाईची ओटी भरायला निघाल्या, त्या डोलीत बसून. गुडघे चालूच देईनात! डोलीवाल्यांची धाप कानांवर आली आणि काकूंनी पदर तोंडावर ओढला. घरी येऊन म्हणाल्या, "पुढच्या चैत्रात माझ्या पायांनी चढेन. नाहीतर ओटी भरणार नाही!" डॉक्टर गाठले. वजन उतरवायची शस्त्रक्रिया झाली, पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली. — तबलजी, हसू नका, आधी सदरा खाली ओढा!

डॉक्टरांनी बजावलं, "काकू, पाणी दिवसभर. पण घोट घोट! जेवताना नाही, आणि एकदम तर मुळीच नाही." काकूंनी मान डोलावली. आणि घरी येऊन काय केलं? तांब्या उंच! आता केळ्याएवढ्या पोटात ती धार मावायची कशी? छातीत कळ, उलटी! काकूंनी ठरवलं — पाणीच बंद. "पोट लहान, आता तहानही लहान!" केतकी बाटली घेऊन मागे मागे. "आई, ओठ लावून एक घोट घ्या ना." "मी? या वयात? उष्टं?"

मग व्हायचं तेच झालं! जीभ कोरडी, डोकं गरगर. उतरणारं वजन जागच्या जागी थांबलं. एका सकाळी तुळशीपाशी कोसळल्या. सलाईन लागलं. डॉक्टर चिडले, "चरबी जाळायलाही शरीराला पाणी लागतं! तुम्हाला लागते तहान, आणि तुम्ही भूक समजून खाता. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. टेकडी विसरा!"

टेकडी विसरा! हे मात्र लागलं हो! घरी येऊन काकू रडल्या. समोर यजमान वामनराव संध्येला बसलेले. पळीभर पाणी तळहातावर घेतलं, हात ओठांशी नेला, प्याले.

"अहो, तुम्ही घोटच घेता की!"

"अगं, आचमन आहे हे. इतकी वर्षं बघतेस!"

"म्हणजे ओठ हाताला लागतो, भांडं उष्टं होत नाही!"

झालं! काकूंचं आचमन सुरू! स्वयंपाक करताना, टीव्हीपुढे, फोनवर बोलताना — तळहातावर घोट! वामनरावांचं आचमन संध्येपुरतं, यांचं उठल्यापासून निजेपर्यंत! वजन पुन्हा उतरू लागलं, पायांत बळ आलं.

चैत्र उजाडला. सगळी आळी सोबत. अर्धी टेकडी काकू चढल्या — स्वतःच्या पायांनी! मग ऊन तापलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात ओटीचं ताट. ओटी वाटेत खाली टेकवायची नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. तळहात आणायचा कुठून? केतकीनं पिशवीतून बाटली काढली आणि तशीच थांबली. पुढे करायचं धाडस होईना पोरीला! तेवढ्यात डोलीवाले जवळ आले. "काकू, बसता का?"

काकूंनी डोलीकडे पाहिलं. वर कळसाकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "केतकी, लाव माझ्या ओठाला!"

मंडळी, जन्मात पहिल्यांदा ओठ लागला! एक घोट. थांबल्या. दुसरा घोट. पुन्हा थांबल्या. मागून कुणी कुजबुजलं, "अगंबाई, खांबेट्यांच्या काकू उष्टं पितात!" काकू तिथूनच कडाडल्या, "होय, पिते! माझ्या सुनेच्या हातून पिते! तिला मी चारचौघांत बोलले होते ना? मग चारचौघांतच सांगते — चूक माझी होती!" केतकीच्या डोळ्यांना धार लागली.

चढल्या हो, चढल्या! घोट घेत, थांबत, देवीच्या उंबऱ्याशी पोचल्या! ओटी भरली. गुरव म्हणाले, "काकू, यंदा डोली नाही?" काकूंनी मान ताठ केली. "नाही! पाय आहेत मला. आणि पाणी पाजणारी सून आहे!"

सांगताना माझीच छाती फुगते, मंडळी! घोटभर पाणी घशाखाली उतरू देत नाही, तो अभिमान टाका. आपल्या पायांनी टेकडी चढवतो, तो जपा! आता घरी जाल. तुमच्याही मागे कुणीतरी उभं असेल — कुणी पाणी घेऊन, कुणी औषध घेऊन. तुमच्या धाकानं हात पुढे करत नसेल. वळा! आधी त्याच्या हातचा घोट घ्या, मग माझ्याकडे तीर्थाला या!