जयपूरला जाऊन

सांगली स्टँडवर कडेगावची गाडी अजून लागायची होती. मागच्या बाकावर सांगलीच्या एक मॅडम आणि खेड्याकडच्या एक मावशी बोलत होत्या.

"जयपूरला आम्ही हॉटेल घेतलंच नाही, मावशी. जुन्या बाजारात, गल्लीत खोली घेतली. तिथल्या लोकांसारखंच राहायचं ठरवलं होतं."

"जयपूर व्हय? माझा पोरगा हाय तितं. सोनं गाळायची भट्टी हाय त्याची."

"अय्या! मग तुम्ही गेला असाल?"

"गेल्ते की. सुनंचं बाळंतपण हुतं."

"हवामहल पाहिलात?"

"न्हाई बा. पोरानं बी अजून बघितला न्हाई. तुमी बघितला आसंल."

"छे! तिथं नुसती टूरिस्टांची गर्दी. आम्ही शेजाऱ्यांत मिसळलो. खालच्या मजल्यावरच्यांनी जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. इतकं अस्सल! दोन दिवस आम्ही त्यांच्याशी हिंदीत बोलतोय, आणि शेवटी ते निघाले आपल्या इथल्या विट्याचे!"

"निगणारच. गल्लीच आमच्याकडच्या सोनं गाळनाऱ्या लोकांची हाय ती."

"तेच ना! तिथलं आयुष्य बघायचं राहूनच गेलं. तुम्ही दिवसभर काय करायचा?"

"काय करनार? भाकऱ्या थापायच्या, बाळुती धुवायची, नळावर तितल्या बायांसंगं भांडायचं."

"मावशी! म्हणजे अगदी तिथल्यासारख्या राहिलात तुम्ही. आम्हाला हेच तर हवं होतं!"

"आवं, मग मला तवाच कुणी सांगायचं न्हाई का? एवढ्या लांब जाऊन कायच बघितलं न्हाई म्हणून मी गाडीत रडत आले."